फटाका कुठून वाजतो ते आधी ऐका

आमची पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची. इंजिन तेल खायला लागलं म्हणून वडिलांनी पूर्ण काम करून घेतलं: बोअर, नवे पिस्टन-रिंगा, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह घासून बसवले. गाडी घरी आली तेव्हा स्लोवर छान शांत चालत होती. काही शे किलोमीटर झाले आणि ती सिग्नलला बंद पडू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरमधून फटाके.

गॅरेजचं निदान लगेच ठरलं, जेटमध्ये कचरा. कार्बोरेटर उघडला, धुतला, स्क्रू फिरवून झाले, तरी दुखणं तेच. मग नवा कार्बोरेटर टाकायची गोष्ट निघाली आणि वडील तयारही झाले. मी म्हटलं, ‘बाबा, पैसे देऊ नका अजून. आधी कॉम्प्रेशन मोजू.’

चारही प्लग काढले, इग्निशनची जोडणी सोडवली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. तीन सिलिंडर जवळपास सारखे, तिसऱ्या नंबरचा बराच खाली. त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा होता. तो हलला नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून निसटत होती. झाकण काढलं, फिलर गेज लावला, तर त्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटखाली सर्वांत पातळ पातंही शिरेना.

हेडचं नवं पॅकिंग इंजिन तापून थंड होता होता दबतं. नुकतेच घासलेले व्हॉल्व्हही सीटवर आणखी आत बसतात. दोन्हींमुळे टॅपेटची फट कमी होते आणि ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग जळणारं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे फेकलं जातं. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले, त्यानंतर टॅपेट लावले आणि गाडी सरळ झाली. कामानंतरची ही दुसरी आवळणी गॅरेजने करायलाच हवी होती. ती तारीख बिलावर लिहून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

फटाका कार्बोरेटरमधून वाजला तर अडलेला व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेणं, कमी पेट्रोल किंवा प्लगच्या वायरींची अदलाबदल, हे बघा. पद्मिनीचा क्रम १-३-४-२ आहे. सायलेन्सरमधून वाजला तर न जळलेलं पेट्रोल तिथपर्यंत पोचतंय, म्हणजे करंटकडे वळा. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, हे गृहीत धरू नका. या गाड्यांचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, बाजारात मिळणारा माल कुणाचा असतो ते कळत नाही. गरम झाल्यावरच मिसिंग येत असेल आणि पॉइंट लवकर काळे पडत असतील, तर जुना, चालू स्थितीतला कंडेन्सर लावून बघावा. आवाज न करता गाडी नुसती बंद पडत असेल, तर टाकीतला गंज आणि पेट्रोलचे पाइप तपासा. कामाच्या निमित्ताने गाडी महिनोन्‌महिने उभी असते, तेव्हा हे हमखास होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टायमिंग, पॉइंट आणि स्क्रू एकदम हलवले की कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि हे मनापासून सांगतो, कार्बोरेटर फटाके मारत असताना एअर फिल्टर काढून त्यात डोकावू नका. ज्वाळा बाहेर येते आणि फिल्टर तिला अडवतो. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

पॉइंट नवे असतील तर पाचेकशे किलोमीटरला पुन्हा गेज लावा. त्यांची फायबरची टाच सुरुवातीला झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे सरकतं. मग चढावर गाडी तापते आणि सायलेन्सर वाजू लागतो.