पडद्यावरची अक्षरे

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक अमेरिकेत १९८२ साली विक्रीस आला. तो घरातल्या टीव्हीला जोडता येई. पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० अक्षरे, म्हणजे एकूण १००० घरे. प्रत्येक घर ८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच.

आता गंमत पाहा. या घरांसाठी संगणकाच्या स्मृतीत १०२४ या क्रमांकापासून १००० जागा राखलेल्या असतात. त्यांत अक्षरे नसतात, नुसते आकडे असतात. आकडा वाचून संगणक अक्षरसंचात पाहतो आणि त्या क्रमांकाचे चित्र पडद्यावर काढतो. असे संच दोन आहेत. पहिल्यात इंग्रजी मोठी अक्षरे व चित्रखुणा आहेत; दुसऱ्यात लहान व मोठी अक्षरे आहेत.

सी भाषेत ‘पुटचार’ला १४ हा आकडा दिला, की दुसरा संच लागू होतो. १४२ दिला, की पहिला. तुम्हांला वाटेल, यापुढे लिहू तीच अक्षरे बदलतील. पण नाही! आधी लिहिलेला सगळा मजकूरही क्षणात पालटतो. दुसऱ्या संचातून पहिल्यात गेलात, तर लहान ‘ए’ मोठा होतो आणि मोठ्या ‘ए’च्या जागी पत्त्यांतले इस्पिक दिसते. नवशिक्या घाबरतो. खरे तर स्मृतीतला एकही आकडा बदललेला नसतो.

१९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये ओळीत ४० किंवा ८० अक्षरे घेता येतात. मात्र दोन्ही चित्रे वेगवेगळ्या जोडणीतून बाहेर पडतात. ४० अक्षरांच्या जोडणीलाच पडदा लावला असेल आणि आज्ञावलीने ८० निवडले, तर काम चालू राहते, पण नवा मजकूर काही दिसत नाही. सीसी६५ या सी-अनुवादकातील ‘व्हिडिओमोड’ नवी पद्धत लावताना आधीची कोणती होती तेही सांगते. ते उत्तर जपून ठेवावे आणि काम संपताच जुनी पद्धत परत लावावी. दुसऱ्याच्या घरातली खुर्ची आपण जागेवर ठेवतो, तसेच हे.

या संगणकावर उर्दू लिहायची झाली तर? एका संचात २५६ आकृत्या मावतात आणि त्या आपण स्वतः काढू शकतो. पण ‘बे’ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटा असताना वेगळा दिसतो. त्यामुळे त्याच्या चार आकृत्या लागतात. नस्तालीकचा उतार ८ ठिपक्यांत बसत नाही, नस्ख कसाबसा बसतो. शिवाय ओळ उजवीकडून भरायची : पहिले अक्षर ४० व्या घरात, दुसरे ३९ व्या.