बोअरचे गार पाणी आणि पत्र्यावरची तापलेली टाकी

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की नायगाव, नरसी, कुंटूर भागातल्या ब्रॉयलर शेडवाल्यांना एकाच गोष्टीची धास्ती असते: दुपारची मरतुक. पारा बेचाळिशी ओलांडतो आणि विक्रीच्या तोंडावर आलेले दोन किलोचे पक्षीच आधी जातात. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि घामाच्या ग्रंथी तिला नसतात. धापा टाकायच्या आणि गार पाणी प्यायचे, एवढाच तिचा इलाज. निप्पलमधून अंगाइतकेच गरम पाणी आले तर ती पिणे कमी करते, आणि तिथून तासाभरात शेडचे चित्र पालटते.

दुपारचे खाद्य उचलणे, गर्दी विरळ करणे, पत्र्यावर गोणपाट, फॉगर हे सगळ्यांना पाठ आहे. इथे विषय फक्त पाण्याचा. आणि त्याच्या जोडीला आलेल्या ‘जमिनीतल्या एसी’च्या खुळाचा.

आधी बर्फाचा निकाल लावू. हजार लिटरच्या टाकीत दहा किलो बर्फ टाकला तर पाणी एक-सव्वा अंशाने उतरते. चाळीस अंशांचे पाणी तिसावर आणायचे तर नव्वद किलोच्या वर बर्फ लागतो, तोही दररोज. टाकी उन्हात ठेवून हा खर्च करणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. कांदा-गुळाच्या पाण्याचेही तेच. गूळ खुशाल घाला, पण ते पाणी गरम असेल तर पक्षी त्याला चोच लावणार नाही.

आता जमिनीतला एसी, म्हणजे पुरलेल्या पाइपमधून हवा किंवा पाणी नेऊन ते गार करायचे. व्हिडिओंतून पसरलेली ही कल्पना खोटी नाही. वरची माती कितीही तापली तरी दहा फुटांखाली तापमान वर्षभर फारसे हलत नाही. त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. सभेत हमखास प्रश्न येतो की किनवटकडे उनकेश्वरला जमिनीतून कढत पाणी निघते, मग खाली गारवा कुठून? ते पाणी फार खोलवरून भेगांतून वर येते. दहा-पंधरा फुटांच्या थराशी त्याचा संबंध नाही.

गिरिजा शरण आणि रतन जाधव यांनी अहमदाबादजवळ केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा सेंटिमीटर व्यासाचा, ५० मीटर लांबीचा लोखंडी पाइप तीन मीटर खोल पुरला आणि ४०० वॅटच्या ब्लोअरने त्यातून सेकंदाला ११ मीटर वेगाने हवा सोडली. मे महिन्यात खालची माती २६.६ अंशांवर होती. साडेचार सेकंदांच्या त्या प्रवासात बाहेरची हवा जास्तीत जास्त १४ अंशांनी थंड झाली.

व्हिडिओवाले इथे थांबतात. पुढचा हिशेब करायला हवा. त्या पाइपमधून तासाला सुमारे ३१० घनमीटर हवा येते. दोन किलोच्या पक्ष्याला कडक उन्हात तासाला दहा घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे एवढा खटाटोप तीसेक पक्ष्यांपुरता! पाच हजारांच्या शेडला असे दीडशेवर पाइप पुरावे लागतील.

पाण्याचा पाइप पुरला तर? तिथे अडते ते मातीशी. ढोबळ मानाने एक मीटर पाइप, पाणी आणि माती यांच्यातल्या दर अंश फरकामागे, एक वॅटच्या आसपास उष्णता मातीला देतो. तासाला १५० लिटर पाणी ३८ वरून ३२ अंशांवर आणायचे आणि माती २८ अंशांवर असेल तर सहा फूट खोलीवर १५०-१६० मीटर पाइप हवा. वीस फुटी तुकडा पुरून कुणी गारव्याची वाट पाहू नये. मोठी मोटार लावूनही उपयोग नाही. पाणी वेगाने पळेल, घर्षण वाढेल, वीजबिल वाढेल. पण उष्णता घ्यायची ती मातीनेच, आणि तिचा वेग मोटारीला जुमानत नाही. शिवाय पाइपभोवतीची माती दुपारभर तापत जाते आणि पुन्हा निवायला तिला रात्र लागते.

काळ्या जमिनीत आणखी एक दगा आहे. नरसी रस्त्यावरच्या एका शेडवाल्याने हौसेने जेसीबी लावून चर खोदला, पाइप टाकला आणि निघालेली ढेकळेच वर लोटली. मे महिन्यात जमीन भेगाळली, पाइपभोवती पोकळी झाली. ओल्या मातीच्या तुलनेत हवा चाळीसेक पट मंद उष्णता वाहते. पाइप जमिनीत होता, पण जमिनीला टेकलेला नव्हता. बारीक वाळूत बसवून, पाणी मारून, ठोकून भरला असता तर निदान पैसे मातीत गेले नसते.

खरे तर बोअरचे पाणी जमिनीतून गार होऊनच वर येते. ते आणून पत्र्यावरच्या काळ्या टाकीत दुपारपर्यंत तापवायचे आणि मग थंड करायला चर खोदायचे, हा उलटा उद्योग बंद करा. शेतीची लाइट अनेकदा रात्रीच येते, हे मान्य. मग रात्री भरलेले पाणी सावलीतल्या किंवा जमिनीखालच्या झाकलेल्या हौदात ठेवा. वरची टाकी लहान असू द्या. तिला पांढरा रंग द्या, वर छप्पर करा आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळा. हौदापासून शेडपर्यंतची लाइन दोन-तीन फूट खाली घ्या. एवढी खोली पाणी गार करायला नव्हे, ते तापू नये म्हणून पुरेशी आहे.

आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेडमधली निप्पल लाइन. पत्र्याखाली तिच्यात उभे राहिलेले पाणी टाकीपेक्षाही लवकर तापते. अकरा ते पाच या वेळेत दर दोन तासांनी लाइनच्या शेवटची तोटी उघडून ते सोडून द्या आणि तापमापी टाकीत नव्हे, त्या तोटीखाली धरा. तिथे तिसाच्या वर आकडा दिसला तर चूक टाकीत, लाइनीत की हौदात आहे, ते त्याच दुपारी शोधा. ज्यांनी पाइप आधीच पुरून ठेवला आहे त्यांनी तो उकरू नये. हौद ते शेड या लाइनीसाठी तो वापरात घ्यावा.