राष्ट्रांचे सभागृह

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले भूम हे आज धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तेथून न्यूयॉर्क हजारो मैल दूर. तरीही एकदा भूमसह साऱ्या मराठवाड्याच्या भवितव्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेला होता. तो प्रसंग नीट कळावा म्हणून या संघटनेचे घर कसे उभे राहिले, ते प्रथम पाहू.

२६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी सनदेवर सह्या केल्या. त्यांत भारतही होता. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी संघटना अस्तित्वात आली. पण तिला स्वतःचे छप्पर नव्हते. आमसभेची पहिली बैठक जानेवारी १९४६ मध्ये लंडन येथे एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या सभागृहात भरली. पुढे तिच्या कचेऱ्या न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस येथील एका कारखान्याच्या इमारतीत थाटण्यात आल्या. ज्या वास्तूत युद्धोपयोगी उपकरणे बनत होती, तिच्यातच शांततेची बोलणी होऊ लागली.

भूम त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तेथील जनता भारतात विलीन होण्यासाठी झगडत होती. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि त्याच दिवशी भूमच्याच जिल्ह्यातील नळदुर्ग त्याच्या हाती आला. १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषद पॅरिस येथे भरली. अकरा सभासदांपैकी आठांनी हा विषय चर्चेला घेण्याच्या बाजूने मत दिले. तिघे तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि पुढे तक्रारही मागे घेतली.

पॅरिसच्या त्या सभेत निजामाचे प्रतिनिधी बोलले. भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार बोलले. परंतु ज्यांच्या भवितव्याची चर्चा चालली होती, त्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला व विणकराला कोणी विचारले होते? राजा बोलला म्हणजे प्रजा बोलली असे होत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या लोकांनी स्वतःचे मत दिले. तेव्हापासून भारताच्या आसनावरून निघणाऱ्या शब्दाला त्यांच्याही संमतीचे बळ लाभले.

त्याच सुमारास राष्ट्रसंघाला कायमचे घर मिळाले. धनिक रॉकफेलर यांनी दिलेल्या ८५ लाख डॉलरांतून न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकाठची जागा घेण्यात आली. तेथे पूर्वी कत्तलखाने होते. निरनिराळ्या देशांच्या वास्तुशिल्पज्ञांनी एकत्र बसून आराखडा केला. कचेरीची ३९ मजली इमारत आधी उभी राहिली आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये नव्या सभागृहात आमसभा भरली. पुढच्याच वर्षी तिचे अध्यक्षपद भारताच्या विजयालक्ष्मी पंडित यांना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ही जागा अमेरिकेत असली तरी सरचिटणिसांच्या संमतीवाचून तेथील पोलिसांना आत जाता येत नाही. कारण यजमानाचे भय असेल, तर पाहुणा मोकळेपणाने बोलणार कसा? आवारात जपानने १९५४ मध्ये दिलेली शांततेची घंटा आहे. साठ देशांतील लोकांनी व मुलांनी दिलेली नाणी वितळवून ती ओतली आहे. आर्थिक व सामाजिक परिषदेच्या दालनात छताचा काही भाग मुद्दाम अपुरा ठेवलेला दिसतो. तो जणू सांगतो की, मानवहिताचे कार्य कधीच पुरे होत नाही.

संघटनेच्या मोठ्या कचेऱ्या जिनीव्हा, व्हिएन्ना व नैरोबी येथेही आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालय हेग येथील शांतिप्रासादात आहे. सभासद राष्ट्रे आता १९३ झाली आहेत. प्रत्येक राष्ट्र आपले शिष्टमंडळ न्यूयॉर्कला ठेवते. भारताच्या तेथील कचेरीची इमारत मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी रेखली.

आमसभेत लहानमोठ्या प्रत्येक राष्ट्राला एकच मत असते. त्या मताची खरी किंमत मात्र त्याच्या पाठीशी किती माणसांची संमती आहे, यावरच ठरते.

प्रश्न :
१. राष्ट्रसंघाच्या जागेत पोलिसांना मुक्त प्रवेश का नाही?
२. ‘राजा बोलला म्हणजे प्रजा बोलली असे होत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. दालनाचे छत अपुरे ठेवण्यामागील हेतू तुमच्या शब्दांत सांगा.