एकच पद, दोन चाली



गेल्या महिन्यात सिंधीपुऱ्यातील आपल्या शाळेत आम्ही ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट दाखवला. मध्यांतरात एक आजोबा उठून घरी गेले. आठवीतला त्यांचा नातू मात्र शेवटपर्यंत बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला विचारले, “आजोबांना राग कशाचा आला?” हा पाठ त्या प्रश्नासाठी.

आजोबांनी तरुणपणी मूळ नाटक पाहिले होते. ते १९६७ साली रंगभूमीवर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. वसंतराव आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले, जन्म मूर्तिजापूरचा. तो आवाज समोर बसून ऐकलेल्या माणसाच्या कानाला दुसरा पटकन रुचत नाही. याला हट्ट म्हणू नये.

चित्रपट २०१५ च्या दिवाळीत आला, दिग्दर्शक सुबोध भावे. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा पंडितजींची हवेली खाँसाहेबांकडे जात असते. चित्रपट त्याच्या मागे जातो, दोघांची मैत्री आणि स्पर्धा दाखवतो. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही आहेत. जुन्या प्रेक्षकांना ती उपरी वाटली. मुलांना मात्र नेमकी तीच पाठ झाली, आणि त्यांच्या मागोमाग जुनी पदेही ओठांवर आली. हा चित्रपटाचा मोठा गुण आम्ही मानतो. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. नाट्यपदे घरी कानावर पडत, अर्थ फार उशिरा कळला.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. चित्रपटात खाँसाहेबांचा मत्सर इतका गडद रंगवला आहे की दोन गायकींतला फरक मागे पडतो. वर्गात एकाने सरळ लिहिले, “पंडितजी चांगले, खाँसाहेब वाईट.” बुऱ्हाणपुरात, जिथे दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहतात, तिथे हे वाक्य आम्ही तपासल्याशिवाय सोडणार नाही. भांडण घराण्यांचे आहे, धर्मांचे नाही. पंडितजींचा शिष्य सदाशिव शेवटी खाँसाहेबांचीच गायकी लपूनछपून शिकतो. खुद्द वसंतरावांनी लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला होता.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येते. एक संथ, पंडितजींच्या घराण्याची. दुसरी द्रुत, तानांनी भरलेली, खाँसाहेबांची. शब्द तेच. दुसरी ऐकून पहिली खोटी ठरत नाही. नवा चित्रपट जुन्या नाटकाशेजारी ठेवून असाच ऐकता येतो. त्यात खाँसाहेबांसाठी गाणारे राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. सदाशिवसाठी गाणारे महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे नव्या चित्रपटातही आवाज जुन्याच घरातले आहेत. हे आजोबांना ठाऊक होते की नाही, ते नातवाने विचारून यावे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही चाली ऐकून प्रत्येकी पाच ओळी लिहाव्यात. ‘आवडली’ एवढेच लिहिल्यास वही परत मिळेल. ज्यांच्या घरी नाटकाची जुनी कॅसेट असेल त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी. शाळेचा टेपरेकॉर्डर अजून चालतो.