लोखंडी पिंपाची धुरी-भट्टी

गौरी-गणपतीच्या सुमारास कोकण किनाऱ्यावर बांगड्याची आवक वाढू लागते, तेव्हा ऊन बेभरवशाचे असते. वाळत घातलेली मासळी दोन दिवस ढगाळ राहिल्यास ओशट होते, तिच्यावर माशा बसतात व शेवटी ती खतात जाते. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या शेतकऱ्याची अडचण वेगळी, पण परिणाम तोच. तळे आटू लागले की सर्व मासळी एकदम काढावी लागते आणि त्या दिवशी बाजारात मिळेल तो भाव पत्करावा लागतो. अशा वेळी थोडी मासळी धुरी देऊन चार-पाच दिवस हाताशी ठेवता आल्यास विक्रीला सवड मिळते. त्यासाठी लागणारी भट्टी गावातील वेल्डिंगच्या दुकानात २०० लिटरच्या पिंपापासून तयार करता येते. ती कशी करावी, आणि मुख्य म्हणजे करताना कशास जपावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धुरामुळे मासळी टिकते असे अनेकांस वाटते. धुराचा वाटा त्यात थोडा आहे. मासळी टिकते ती मिठामुळे, उष्णतेमुळे व अंगचे पाणी कमी झाल्यामुळे. तेव्हा भट्टी म्हणजे नुसता धूर कोंडण्याची पेटी नव्हे. हवा व उष्णता आपल्या ताब्यात ठेवण्याचे ते साधन आहे. पुढे सांगितलेली मापे याच हेतूने ठरविलेली आहेत.

पिंपाची निवड

या कामात सर्वांत मोठा धोका विस्तवाचा नसून रिकाम्या पिंपाचा आहे. डिझेल, थिनर, रंग, रॉकेल यांचे पिंप उपडे करून शेवटचा थेंब काढला तरी आत वाफ उरते. ती हवेत मिसळली की ठिणगीसरशी स्फोट होतो. या दृष्टीने भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक ठरते. प्रस्तुत लेखकाने तालुक्याच्या एका दुकानात असा प्रकार पाहिला आहे. कारागीर अनुभवी होता, "महिनाभर उन्हात पडले आहे, आत काय राहणार?" असे म्हणून त्याने बूच न काढताच काम सुरू केले. पिंपाचे वरचे झाकण उडून छपराच्या पत्र्यातून बाहेर गेले. कारागीर त्या क्षणी कडेला वाकलेला होता, एवढ्यानेच तो वाचला.

म्हणून कीटकनाशक, तेजाब, रंग, थिनर किंवा इंधन यांचे पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. कीटकनाशकाचे पिंप धुऊन अगर जाळूनही अन्नाच्या उपयोगाचे होत नाही. आंब्याचा गर निर्जंतुक पिशवीत घालून ज्या पिंपांत भरतात, तसे पिंप मिळाल्यास उत्तम. त्याचे संपूर्ण झाकण निघते, त्यामुळे आत वाफ कोंडत नाही व गर पत्र्याला लागलेला नसतो. खाद्यतेलाचे पिंपही चालते. मात्र ते धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवावे, दोन्ही बुचे काढावीत, कापण्याच्या रेषेच्या खालपर्यंत पाण्याने भरावे आणि मगच कापावयास घ्यावे. गॅसची ज्योत वापरू नये. छन्नी-हातोड्याने कापणे सर्वांत सुरक्षित. पिंपात पूर्वी काय होते हे विक्रेत्यास सांगता येत नसेल, तर ते पिंप घेऊच नये.

बांधणी

पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर व उंची ८८ सेंटिमीटर असते. ते उभेच ठेवावे, कारण मासळी टांगावयाची आहे. दाराकरिता बाजूस ४५ सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असा चौकोन आखावा. चारही बाजू एकदम कापल्यास पत्रा ताण सोडून वाकतो व दार पुन्हा नीट बसत नाही. प्रथम बिजागरीची बाजू कापावी, बिजागऱ्या जोडाव्यात आणि नंतर उरलेल्या तीन बाजू कापाव्यात. दाराच्या कडेला आतून २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी जोडावी, म्हणजे फटीतून हवा शिरणार नाही. पिंपाच्या अंगावरील उठावदार कड्यांपाशी ही पट्टी नीट टेकत नाही. तेथे ती ठोकून कड्याच्या आकाराची करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे व कारागीर ते टाळू पाहतात, परंतु पुढे उष्णता आवरत नाही ती बहुधा याच फटींमुळे.

चूल पिंपाच्या खाली न ठेवता शेजारी ठेवावी. मासळीतील तेल विस्तवावर गळाले की काळा, कडवट धूर होतो व त्यातून बेन्झोपायरीनसारखी कर्करोगास कारण होणारी द्रव्ये मासळीवर बसतात. कोडेक्स अन्नसंहिता आयोगाने २००९ साली याविषयी स्वतंत्र आचारसंहिता प्रसिद्ध केली आहे. शेजारची चूल हा या दोषावरील साधा उपाय होय.

चुलीची पेटी ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, ३५ सेंटिमीटर लांब-रुंद व ४० सेंटिमीटर उंच करावी. तळापासून १० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटर सळ्यांची जाळी बसवावी. राख खाली पडते व विस्तवाला खालून हवा मिळते. पुढे लाकडे घालण्याचे दार आणि त्याच्या खाली सरकत्या झडपेचे हवेचे भोक ठेवावे. पेटीच्या वरच्या भागातून १५ सेंटिमीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर लांबीचा नळ पिंपाच्या तळाजवळ न्यावा. नळ पिंपाकडे चढता असला पाहिजे. त्याकरिता पिंप अँगलच्या ४५ सेंटिमीटर उंचीच्या तिवईवर आणि चूल केवळ १० सेंटिमीटरच्या पायांवर उभी करावी. नळाच्या तोंडासमोर, पिंपाच्या आत, एक आडवा पत्रा बसवावा. तो नसल्यास नळालगतची मासळी करपते. तळाशी तेल निथळण्यास लहान भोक पाडून खाली डबा ठेवावा. झाकणावर १० सेंटिमीटर व्यासाचे, ६० सेंटिमीटर उंचीचे धुराडे जोडावे.

पिंपाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो व जाड नळ जोडताना त्यास भोके पडतात. २ मिलिमीटरची कांडी व ४० ते ५० अँपिअर विद्युत्प्रवाह वापरून, रोख जाड भागावर ठेवून, थांबत थांबत लहान टाके द्यावेत. डोळ्यांसाठी १० किंवा ११ क्रमांकाची काच असलेला मुखवटा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, नळ किंवा जाळी कोठेही वापरू नये. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा धूर होतो, कारागिरास थंडी-ताप भरतो. शिवाय मीठ व आंबट पदार्थांनी जस्त मासळीत उतरते. मासळी टांगण्याच्या सळ्या स्टेनलेस पोलादाच्या, ६ मिलिमीटरच्या असाव्यात व त्या दोन थरांत बसवाव्यात.

पहिल्यांदा भट्टी रिकामीच, वस्तीपासून दूर मोकळ्या जागी, चांगला जाळ करून तीन-चार तास पेटवावी. पिंपाच्या आतील अस्तर व बाहेरील रंग जळून गेला पाहिजे. त्या धुरात उभे राहू नये. थंड झाल्यावर आतून घासून खाद्यतेलाचा हात द्यावा.

धुरी देण्याची रीत

मासळी ताजी व बर्फातील असावी. बांगडा, तारली, कुपा यांसारखी मासळी उन्हात राहिल्यास तीत हिस्टॅमीन तयार होते आणि ते कोणत्याही भट्टीत नाहीसे होत नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. पोट साफ करून, दर लिटर पाण्यास सुमारे २२५ ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या द्रावणात बांगडा १५ ते ३० मिनिटे ठेवावा. मग कल्ल्यातून तोंडाबाहेर सळई ओवून, जाळीच्या आडोशाखाली वाऱ्यावर तासभर निथळू द्यावा. साल चकचकीत दिसू लागली की तो भट्टीत टांगावा. दोन थरांत मिळून एका वेळी सुमारे आठ किलो मासळी मावते.

लाकूड आंबा किंवा बाभळीचे, चांगले वाळलेले असावे. नारळाचे सोडणही चालते. कडुनिंबाने कडवटपणा येतो. प्लायवूड अथवा रंग दिलेले लाकूड मुळीच जाळू नये. पहिला पाऊण तास आतील उष्णता ४० ते ५० अंश सेल्सिअस ठेवावी, म्हणजे अंग सुकते. नंतर ती ८० ते ९० अंशांपर्यंत वाढवावी. जाड भागात उष्णतामापकाची सुई खुपसून पाहावी. तेथे ६३ अंश झाल्यावर पुढे अर्धा तास ती टिकली पाहिजे. हाताने किंवा रंगावरून अंदाज करू नये. सुईचा उष्णतामापक या सर्व सामानात स्वस्तातला असतो आणि नेमका तोच घ्यावयाचा राहून जातो.

विस्तव आवरावयाचा तो चुलीच्या झडपेने. धुराडे मात्र उघडेच असावे. धुराडे बंद केल्यास धूर आत कोंडून मासळीवर काजळी व डांबर बसते. धुराड्यातून पातळ, निळसर धूर निघाला की काम ठीक चालले आहे. दाट पांढरा धूर दिसल्यास लाकूड ओले आहे अथवा हवा कमी पडते असे समजावे. भट्टी बंद पडवीत कधीही पेटवू नये. विषारी वायूने माणसे दगावतात.

अशी मासळी सुक्या बोंबलासारखी महिनोन्महिने टिकत नाही. ती बर्फात अथवा शीतपेटीत ठेवून चार-पाच दिवसांत खपवावी. हवाबंद प्लास्टिक पिशवीत भरून बाहेर ठेवल्यास प्राणघातक विषबाधेचा संभव असतो. विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायदा, २००६ खालील नोंदणी करून घ्यावी. आपल्याकडे सुक्या मासळीची चव लोकांना ठाऊक आहे, धुरी दिलेल्या मासळीची फारशी नाही. म्हणून प्रथम दोन-तीन खेपा करून गिऱ्हाईक पाहावे. रोज मोठ्या प्रमाणावर काम करावयाचे ठरल्यास पिंप अपुरे पडते. घानामध्ये अक्रा शहराजवळच्या चोरकोर या कोळीवस्तीत १९७० च्या सुमारास तेथील स्त्रियांच्या साहाय्याने माती-विटांची, एकावर एक तबके रचण्याची भट्टी विकसित झाली. बचत गटाने मोठ्या कामासाठी तिचा विचार करावा.

काम संपल्यावर राख त्याच दिवशी काढावी. राखेत ओल धरली की चुलीचा तळ प्रथम गंजतो. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत पातळ पिंप फार वर्षे टिकत नाही. बाहेरून तेलाचा हात देत जावा व पावसाळ्यात धुराड्यावर डबा उपडा घालून ठेवावा. पिंपास भोके पडली तरी चूल, नळ व तिवई नव्या पिंपास जोडता येतात.