जुन्या मोटारीची वायरिंग : दोष शोधावा कसा आणि काढावा कसा?

आपल्या जिल्ह्यात जुनी मोटार जपून ठेवणारी घरे अजून आहेत. कुणाकडे वडिलांनी घेतलेली अ‍ॅम्बॅसडर आहे, तर कुणाकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींची अखेरची फळी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. गाड्या गेल्या, तसे त्यांची वायरिंग जाणणारे मिस्त्रीही कमी झाले. म्हणून ही विद्या थोडीफार घराघरांत असावी, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम आमचीच हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री आम्ही वहिनींना प्रसूतीसाठी अब्बांच्या अ‍ॅम्बॅसडरमधून निर्मलहून आदिलाबादला नेत होतो. महबूब घाटात दोन्ही दिवे पिवळट होऊन मंदावले. पुढे चाललेल्या एका लॉरीच्या मागील तांबड्या दिव्यावर नजर ठेवून आम्ही कसाबसा घाट चढलो. वहिनी वेळेवर पोहोचल्या, ही ईश्वराची कृपा. दुसऱ्या दिवशी एका दुकानात बॅटरी बदलून घेतली. पैसे गेले, दिवे मात्र तसेच राहिले. दोष न शोधता वस्तू बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

आता मूळ तत्त्व पाहू. विद्युत्प्रवाहाला जाण्याची आणि परत येण्याची अशी दोन्ही वाटा लागतात. घराच्या वायरिंगमध्ये त्यासाठी दोन तारा असतात. मोटारीत जाण्याची वाट तारेची असते, परतीची वाट मात्र बहुधा गाडीच्या लोखंडी अंगातूनच असते. तिलाच मिस्त्री ‘अर्थिंग’ म्हणतात. बॅटरीचे एक टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. बहुतेक गाड्यांत ते ऋण टोक असते. परंतु इंग्रजी धाटणीच्या काही फार जुन्या गाड्यांत धन टोक असे. म्हणून हात घालण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

यावरून दोष तीनच प्रकारचे संभवतात. वाट तुटली, तर दिवा मुळीच लागत नाही. वाट अरुंद झाली, म्हणजे सांधा गंजला किंवा सैल झाला, तर दिवा मंद लागतो. प्रवाहाने भलतीच आखूड वाट धरली, तर ‘शॉर्ट’ होऊन फ्यूज जातो. लक्षण ओळखले की अर्धे काम झाले.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. बारा व्होल्टचा लहान बल्ब घ्यावा व त्याला दोन तारा जोडाव्यात. एका तारेला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई लावावी. चिमटा गाडीच्या स्वच्छ लोखंडाला लावून सळईने बॅटरीपासून पुढे एकेक सांधा तपासत जावे. जेथे बल्ब लागायचा थांबेल, त्याच्या अलीकडे दोष आहे असे समजावे. मीटर असेल तर अधिक चांगले. पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी बंद असता, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

आमच्या गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत सर्व ठीक होते. शेजारच्या एका वृद्ध मिस्त्रीचाचांनी विचारले, “मास्तर, जाण्याची वाट पाहिलीत, परतीची पाहिली का?” दिवे लावून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगच्या तारेला लावली. तेथे जवळजवळ शून्य दिसावयास हवे होते. दिसले सुमारे तीन व्होल्ट! दोन्ही दिव्यांची अर्थिंग ज्या एका स्क्रूखाली होती, तो गंजून तांबडा झाला होता.

हे उदाहरण ओहमच्या नियमाने सोडवू. ४८ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून ८ अँपियर घेतात. म्हणजे त्यांचा एकत्रित रोध १.५ ओहम. त्यात गंजाचा अर्धा ओहम मिळवला की रोध २ ओहम आणि प्रवाह ६ अँपियर होतो. तीन व्होल्ट गंजच खातो आणि दिव्यांना ९ उरतात. ९६ वॅटऐवजी मिळाले ५४! तंतूचा रोध उष्णतेनुसार बदलतो, म्हणून हा हिशेब स्थूल आहे; परंतु उजेड तर याहूनही अधिक घटतो. शिवाय १८ वॅट त्या स्क्रूपाशी उष्णतेच्या रूपाने जळतात. स्क्रू काढून, काचकागदाने लोखंड चकचकीत घासून, नवे वॉशर घालून घट्ट बसवला. खर्च चार आण्यांच्या मोलाचा, आणि उजेड पहिल्यासारखा.

दुरुस्ती करताना पुढील नियम पाळावेत. बॅटरीची अंगाला जोडलेली तार आधी सोडावी व शेवटी जोडावी. टर्मिनलवर पांढरा थर आला असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने तो धुवावा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये; सांध्याला डाग द्यावा. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडी असलीच पाहिजे. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेल्या तारा अवश्य पाहाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नये. आमच्याही गाडीत कुणीतरी ती घातलेली आढळली. फ्यूज जळतो तो तार वाचविण्यासाठी. तोच बांधून टाकला, तर जळेल ती तार, आणि तिच्यामागून आत बसलेली माणसे संकटात येतील. फ्यूज वारंवार जात असेल तर तो तक्रार सांगत आहे असे समजावे, आणि त्याचे तोंड बंद करण्याऐवजी कारण शोधावे.

मुलांनी घरी सोडविण्यासाठी दोन प्रश्न : (१) एकच दिवा मंद असेल, तर दोष सामाईक स्क्रूत असेल की त्या दिव्याच्या स्वतःच्या सांध्यात? (२) गंजाचा रोध १.५ ओहम झाला, तर दोन्ही दिव्यांना किती व्होल्ट मिळतील?

उत्तर काढताना वडिलांना शेजारी बसवावे. गाडी त्यांची आहे, आणि रात्रीचा प्रवास सर्वांचा आहे.