घराची निरवानिरव

हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशयाने त्याला घराची निरवानिरव करण्यास सांगितले. आपल्या मंडळ्यांत हे काम बहुधा दोन भीतींत अडकते. एक अशी की, आपल्यामागे मुलांना प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला मिळवण्यासाठी, खेटे घालावे लागतील. दुसरी अशी की, घर आजच मुलाच्या नावावर केले तर म्हातारपणी आपण त्याच घरात पाहुणे ठरू. पहिल्या भीतीने पुष्कळ आईबाप घाईघाईने घर देऊन टाकतात, आणि मग दुसरी खरी ठरते. म्हणून आधी पहिलीच तपासून पाहू.

एके काळी ती खरी होती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर कोर्टात हक्क सांगायचा तर प्रोबेट घ्यावेच लागे. इंदूर किंवा ग्वाल्हेरमधल्या आपल्या हिंदू शेजाऱ्याला ही अट नव्हती, आपल्याला मात्र होती. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांना त्यातून वगळले आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. तरी जुनी धास्ती अजून घरोघर बोलली जाते.

तेव्हा साधे मृत्युपत्र हाच बहुतेकांसाठी उत्तम मार्ग. आपण हयात आहोत तोवर घर सर्वस्वी आपलेच. ते विकावे, भाड्याने द्यावे, मृत्युपत्र फाडून नवे करावे. त्याला स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि येथे आपल्या लोकांनी जपावे. साक्षीदाराला, किंवा त्याच्या पत्नीला वा पतीला, मृत्युपत्राने जे दिले असेल ते कलम ६७ प्रमाणे रद्द होते. हौसेने जावईबापूंची सही घेतली की लेकीचा वाटा गेला! साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत. वाद झालाच तर त्यांपैकी एकाला तरी कोर्टात साक्ष द्यावी लागते. विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हेही ध्यानात असावे.

मृत्युपत्रच केले नाही तर? पत्नीला एक तृतीयांश, बाकीचे मुलामुलींना सारखे. वाटणी न्याय्य आहे, पण राहत्या घरात विधवा आई एक तृतीयांशाची मालकीण उरते आणि मुलांनी विक्रीचा आग्रह धरला की तिचे हाल होतात. घर पत्नीला तहहयात राहण्यास व तिच्यामागे मुलांना, असे एक वाक्य मृत्युपत्रात असले तर तिची चूल सुरक्षित राहते.

काहींना घर आजच देणे भाग असते. त्यांनी बक्षीसपत्रात स्वतःच्या तहहयात राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क लिहून ठेवावा. असे नोंदणीकृत बक्षीसपत्र, ताबा दिला नसला तरी, वैध ठरते असे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितले. पण त्याच खटल्यात देणाऱ्याने मागाहून केलेला रद्दलेख टिकला नाही. राहण्याचा हक्क राहिला तरी विकण्याचा जातो. आणि मनात येईल तेव्हा रद्द करीन अशी अट घातली, तर कलम १२६ प्रमाणे ते दानच निष्फळ होते. यालाच मी पूर्ण ताबा म्हणणार नाही.

दस्तात आणखी एक अट अवश्य घालावी: मुलाने आईबापांचा सांभाळ करावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे ती मोडल्यास न्यायाधिकरण व्यवहार रद्द करू शकते. मध्य प्रदेशातील एका आईला सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये असेच घर परत मिळवून दिले. सांभाळाचे वचन तिने लेखी घेतले होते. उलट, अशी अट असल्याचे दाखवता आले नाही तर हे कलम लागू होत नाही, असे त्याच कोर्टाने २०२२ मध्ये ठरवले आहे. मुलाकडून लिहून कसे घ्यायचे, असा संकोच येथे कामाचा नाही.

गोव्यातील वाचकांचा कायदा निराळा आहे. तेथे मुले असल्यास आपल्या हिश्श्याच्या अर्ध्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. उरलेला अर्धा मुलांचाच. तेथील वकिलाला विचारूनच पुढे जावे.

आणि कागद लिहिण्यापूर्वी घर कोणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर पाहून घ्यावे. मिशन कंपाउंडात तीन पिढ्या राहिलो म्हणून घर आपले होत नाही. ते ट्रस्टच्या नावावर असेल, तर मृत्युपत्रात त्याचा उल्लेख करूनही मुलांच्या हाती काही येणार नाही.